जिभेला चिकटणारा दगड

दत्ता गेल्याची तार सातारला आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. तास पुरा केला, मगच घरी गेलो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण दत्ताबद्दल नुसतं चांगलं लिहिलं, तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल होईल.

तो शिराळ्याचा, मी कोरेगावचा. सांगलीला कॉलेजात असताना एका खोलीत राहिलो. पुढे तो तिथेच भूगर्भशास्त्र शिकवू लागला आणि मी सातारला शाळामास्तर झालो. सुट्टी लागली की हातोडी आणि कापडी पिशव्या घेऊन दोघं पाचगणीच्या घाटात हजर. तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये वीतभर तांबडा पट्टा आहे. दत्ता त्याचा तुकडा आधी जिभेला लावायचा. "चिकटतोय बघ गड्या! चिकणमाती हाय." एक लाव्हा थंड झाला, त्यावर वर्षानुवर्षं पाऊस पडला, दगड कुजून माती झाली आणि मग दुसरा लाव्हा आला, असं तो पट्टा सांगतो. आमचा एक नियम होता. तुकडा ज्याच्या हाताला लागला, त्याच्या नावाची चिठ्ठी पिशवीत टाकायची.

मंगळावर यान उतरलं, त्या वर्षी दत्ता वर्तमानपत्र घेऊनच घाटात आला. "तांबडी माती हाय तिथं. म्हंजे कवातरी पाऊस लय पडला आसंल!"

त्या दिवशीचा तुकडा माझ्या हातात होता. मी म्हटलं, "गंज चढायला थोडी ओलही पुरते रं. रंगावर जाऊ नको. तिथं चिकणमाती घावली, तरच पाणी मुक्कामाला होतं म्हणता येईल."

त्यानं माझी पाठ थोपटली आणि तो चिठ्ठी लिहायला बसला.

दिवाळी अंकात त्याचा लेख आला. घाटातला पट्टा, गंज, चिकणमाती, सगळं होतं. 'मुक्कामाचं पाणी' हा शब्दसुद्धा माझाच. मी तेवढा कुठेच नव्हतो. शाळेच्या कागदांखेरीज माझं नाव कधी कुठे उमटलं नव्हतं. मला एक ओळ हवी होती, जास्त नाही. तडक सांगलीला गेलो.

"आरं, नाव घालायचं ध्यानातनंच गेलं रं," तो म्हणाला. "इसरलो. आईशप्पत."

चहा न घेता परतलो. त्यानंतर घाटात गेलो नाही. त्यानं केसानं गळा कापला असंच वाटत होतं, तरी ते 'इसरलो' मी मनात जपून ठेवलं. विसरभोळा तर तो होताच; स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या खोलीवर विसरून आला होता. खरंच विसरला असेल, तर कधीतरी माफ करता येईल, असं वाटायचं.

परवा दत्ताच्या मासिक श्राद्धाला गेलो, तेव्हा वहिनींनी एक कापडी पिशवी हातात दिली. "भावजी, ह्यात तुमचं नाव हाय. कपाटात कुलपात ठेवली व्हती. कुणाला हात लावू देत न्हवते."

आत तो तांबडा तुकडा होता. चिठ्ठीवर दत्ताच्या अक्षरात माझं पूर्ण नाव, घाटातलं ठिकाण आणि खाली ठळक शाईत एक ओळ: 'चिकणमातीचा मुद्दा याचा.'

म्हणजे माझी ती एक ओळ त्यानं लिहिली होती. लिहून कुलपात ठेवली होती.

तुकडा आता माझ्या टेबलावर असतो. काल वह्या तपासता तपासता उचलून जिभेला लावला... अजून चिकटतो.

इसरलो म्हणाला होतास ना रं, दत्ता?