शेषेरावांची शहाबादी फरशी

नांदेडात स्टेशनच्या वाटेवर शेषेरावांची बिलियर्डची खोली होती. हिंगोलीची इंग्रजांची छावणी उठली तेव्हा त्यांच्या वडिलांनी साहेबांचं टेबल लिलावात घेतलं होतं. निजामाच्या कचेरीतले अंमलदार आणि वकील रोज खेळायला यायचे. शेषेराव पैसे घ्यायचे आणि धाकटा भाऊ उद्धव खेळ शिकवायचा. उद्धवच्या हातात काठी आली की भले भले वकील मुकाट्याने बघत उभे राहायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत खोलीची डागडुजी करताना टेबल सरकवलं आणि हिरव्या कापडाखालच्या दगडी पाट्यांपैकी एक फुटली. सिकंदराबादचा कारागीर तसली पाटी बसवून द्यायला तयार होता. शेषेरावांच्या जिवावर आलं. नातेवाईक त्यांना हिशेबी म्हणत. मी सरळ चिक्कू म्हणतो. उभ्या नांदेडाच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, मग टेबलात का नको, असं त्यांचं म्हणणं. जुन्या पाट्या स्क्रूंनी लाकडी चौकटीला आवळलेल्या होत्या. फरशीला भोक पाडलं तर ती तडकेल म्हणून त्यांनी ती नुसतीच ठेवली आणि खाली लाकडी पाचरी मारल्या.

महिनाभर सगळे खूश होते. मग चेंडू एका अंगाला पळायला लागले आणि वकील कुरकुरले. खेळ थांबवून उद्धव पाचर ठोकायला टेबलाखाली शिरला. पाचर निसटली, फरशी खचली आणि फरशी अन् चौकटीच्या मध्ये त्याचा उजवा हात चेंगरला.

सरकारी दवाखान्यात हात वाचला, पण बोटं वळेनात. खेळ संपला. त्याहून वाईट म्हणजे ताटावर बसायची चोरी झाली, कारण डाव्या हाताने जेवायचं आपल्यात कुणाच्या मनाला येत नाही. पहिल्या दिवशी उद्धव ताटाकडे बघत बसून राहिला. शेषेराव उठले, भाकरी कुस्करली आणि त्याला घास भरवला. पुढे दोन्ही वेळा तेच. खोली बंद झाली, टेबल विकलं, निजामाचं राज्य जायची बोलणी सुरू झाली, तरी त्यांनी भावाच्या ताटाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एवढ्या चिक्कू माणसाने त्याच्या भाकरीवर तुपाची धार धरताना कधी हात आखडला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

एका दुपारी शेषेरावांच्या बायकोने, शिवगंगाबाईंनी, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. उद्धव चुलीपाशी बसून त्याच वाकड्या बोटांनी भाकरी मोडून खात होता.

"अगं माय! भाऊजी, हात चालून राहिला की तुमचा! कवापासनं?"

"लई दिवस झाले, वहिनी." उद्धवने मान खाली घातली. "दादाला सांगू नका. मला भरवल्याबिगर त्याच्या घशाखाली घास उतरत न्हाई."

शिवगंगाबाईंना रडू आवरेना. रात्री शेषेराव ताट घेऊन आले, तेव्हा उद्धवने हात मांडीखाली घेतला आणि तोंड उघडलं.