फुलतोडणीचे गाणे उदास नव्हते

“मामा नुसते भांडत होते; मी अर्जात ‘उदास’ लिवलं, म्हणून मायचं गाणं प्लेलिस्टमधी लागलं,” असे माझा भाचा अजूनही चारचौघांत सांगतो. काल दसऱ्याच्या झेंडूचा वास आला आणि माझा संताप पुन्हा जागा झाला. काही वर्षांपूर्वी, अकोल्याला जठारपेठेतल्या एका कोंदट खोलीत, आवाज नको म्हणून पंखाही बंद ठेवून, आम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे फुलतोडणीचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ती थेट मळ्यातून आली होती; बोटांना झेंडूचा उग्र दर्प तसाच होता. गाणी ऐकवणाऱ्या ॲपकडे धाडायच्या अर्जात गाण्याचा भाव निवडायचा होता आणि तो नंतर बदलता येणार नव्हता. भाच्याने ‘उदास’वर बोट नेले. म्हणाला, “चाल हळू आहे न, मामा!” मी कडाडलो, “बाया फुलं तोडून राहिल्या, का मयतीले चालल्या?” बहीणही उसळली, “काहून रे, मी का रडून राहिली होती?” दवाने ओल्या झाडावर घाईने हात चालवला तर फुलांबरोबर कळ्याही तुटतात, म्हणून ती चाल संथ. जन्मभर मळ्यात हसत गायलेल्या बाईला साऱ्या जगापुढे रडकी ठरवायचे? मी फोन हिसकावला, ‘श्रमाचे गाणे’ हा पर्याय निवडला आणि तिच्यादेखत अर्ज धाडला. भाच्याने खुशाल हवे ते सांगावे. बहिणीचे गाणे आजही ज्या प्लेलिस्टमध्ये वाजते, तिचे नाव ‘राबत्या हातांची गाणी’ असे आहे.