मागांच्या भिंतीलगतची परीक्षा

दिल्लीच्या शिक्षण-संशोधन संस्थेने सुरतेत शाखा काढली, तेव्हा शाखा म्हणजे भेस्तान भागातल्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं. खाली पिठाची गिरणी होती. दुपारपर्यंत आमचे केस पांढरे व्हायचे. मला घेतलं ते इथल्या कामगारवस्तीतली अहिराणी येते म्हणून. वडील खानदेशातून इथे कापडाच्या यंत्रमागावर कामाला आले, मी जन्माने सुरतचीच.

पहिलं काम होतं ऐकण्याच्या चाचणीचं. देशभर मुलांना एक ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकवायची आणि त्यावर प्रश्न विचारायचे. आमच्या भागातल्या मराठी शाळेच्या चौथीने इतके कमी गुण मिळवले की दिल्लीहून संचालिकाबाईंचा फोन आला, "तुमच्याकडची मुलं ऐकतच नाहीत की काय?"

"मॅडम, एकदा येऊन बघा," मी म्हटलं.

त्या खरंच आल्या. मूळच्या नागपूरच्या, मोकळ्या स्वभावाच्या. मी त्यांना मुलांबरोबर बाकावर बसवलं आणि गोष्ट लावली. भिंतीपलीकडे मागांचा कारखाना, त्याची खडखड सुरूच. गोष्ट संपल्यावर विचारलं, "त्या बाईने बाजारातून काय आणलं?"

"खाट," त्या ठामपणे म्हणाल्या.

आणला होता माठ. शेजारची मुलगी आनंदाने ओरडली, "मॅडम, आमनी बी खाटच शे!"

सगळा वर्ग खिदळला, बाईही हसल्या. मग त्यांची नजर खडखडणाऱ्या भिंतीकडे गेली. या गुणांचा अहवाल छपाईला गेला होता. शाळेच्या फाटकात उभं राहूनच त्यांनी दिल्लीला फोन करून तो थांबवला.

माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही मुलांना मुद्दाम बोलावून पुन्हा चाचणी घेतली. माठ जवळजवळ सगळ्यांना सापडला. मी घरी जाताना आईसाठी जिलेबी घेतली, इतकी खूश होते.

बाईंनी इतर शाखांनाही विचारलं. कुठे आरागिरणी, कुठे रेल्वेचं फाटक, कुठे भोंगे. तक्रारी येतच राहिल्या. त्यातून वर्गातल्या परिस्थितीचा अभ्यास करणारा नवा विभाग निघाला, तोही आमच्याकडेच. दोन खोल्यांचा पुढे अख्खा मजला झाला, मराठवाड्यातली, ओडिशातली माणसं आली. शाळेनेही चौथीचा वर्ग कारखान्यापासून लांब, मागच्या बाजूला हलवला.

आता बहुतेक राज्यांत संस्थेच्या शाखा आहेत. नव्या लोकांना शिकवायला मी मध्यंतरी आसामला गेले होते. तिथे पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की चाचणी बाजूला ठेवून आम्ही सगळे व्हरांड्यात मुलांशी गोट्या खेळत बसलो.