माझ्या खुर्चीची चोरी आणि अनुभवाचा दाखला

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचंच हसू येतं, कारण त्या चोरीत फिर्यादी मीच होतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि भरदिवसा माझीच लाकडी खुर्ची गेली. पहाऱ्यावरच्या शिपायाला झापलं, तर म्हणतो, "साहेब, एक सुतार दुरुस्तीले नेतो म्हणाला. मीच सायकलवर बांधून दिली." मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. खुर्ची लाखनीतल्या एका फर्निचरच्या दुकानात होती आणि मालक तिच्यावर बसून चहा पीत होता. हवालदाराला घेऊन गेलो. सुतार तिथेच उभा होता. तुरुंगातून नुकताच सुटलेला, चाळिशीचा गडी.

"खुर्ची काहून उचलली बे?" हवालदाराने दरडावलं.

"नमुना दाखवाले आणली, साहेब. वापस आणून देत होतो. मायाच हातची आहे. उलटी करून पाहा, मागच्या डाव्या पायाले आतून धानाची लोंबी कोरली आहे."

उलटी केली. तुरुंगाचा शिक्का होता आणि लोंबीही होती. सरकारी कचेऱ्यांतलं फर्निचर तुरुंगातून येतं हे मला ठाऊक होतं, पण ते कोणाच्या हातचं, हा विचार कधी शिवला नव्हता.

मालक त्याला कामावर घ्यायला तयार होता, फक्त अनुभवाचा दाखला हवा होता. संध्याकाळपर्यंत आणला नाही तर दुसरा माणूस ठरलेला. तुरुंगाने मात्र दाखला नाकारला होता. म्हणे, तू शिक्षा भोगत होतास, नोकरी करत नव्हतास. मी तिथूनच ओळखीच्या कामगार अधिकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सक्तमजुरीचा मोबदला मिळतो, पण तिथे मालक-नोकर नातं नसतं. किमान वेतनाच्या कायद्यात कैद्याला कर्मचारी धरत नाहीत."

सुताराने ऐकलं. "चार वर्षं रंधा मारलो, साहेब. काम तिरपं झालं तं बोलणी खाल्ली. अन् मी कामगारच नोहो?"

मला राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. चोरी लावली असती तर गडी परत आत गेला असता. म्हणून फिर्यादीने फिर्याद दिली नाही. पण जबाब मी रीतसर लिहून घेतला: 'सदर इसम विचारपूस करता सांगतो की, त्याने चार वर्षे तुरुंगातील सुतारकाम विभागात खुर्च्या, टेबले व कपाटे बनविली. सदर खुर्ची स्वतः बनविल्याची खूण त्याने पटविली.' खाली दोन पंचांच्या सह्या, माझी सही. नक्कल मालकाला दिली. त्याने ती दोनदा वाचली.

"उद्या नऊ वाजता ये," तो सुताराला म्हणाला.

माणसाने गुन्हा काय केला हे मी आयुष्यभर विचारलं, काम काय केलं हे पहिल्यांदा विचारलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. माझ्या नोकरीत टिकला तो एवढा एकच, तोही लाखनीच्या दुकानात.