दीपगृहावरचं माझं व्याख्यान

माझ्या वडिलांनी अख्खी नोकरी कोकणातल्या एका जुन्या दीपगृहात काढली. नांदेडच्या कॉलेजात मी हे कुणालाच कळू दिलं नव्हतं. जळकोटजवळच्या आमच्या गावात, जमीन असलेल्या घरातला पोरगा काचा पुसायला समुद्रावर गेला, याची आजोबांनाच लाज वाटायची. कुणी विचारलं की घरातले सगळे 'शेती करतो' म्हणून मोकळे व्हायचे. शिकून-सवरून प्राध्यापक झालो, तरी मीही तेच सांगत आलो.

गेल्या वर्षी कॉलेजात वारशावर व्याख्यानं ठेवली होती. मी विषय घेतला दीपगृहाचा. माहिती सगळी वडिलांची. ते फोनवर सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. पूर्वी हातानं चावी देऊन वजन वर चढवायचे, ते हळूहळू खाली येताना अवजड भिंग फिरत राहायचं. दिवसा काचांना पडदे लावायचे, नाहीतर ऊन त्याच भिंगातून आत येऊन आग लागायची भीती. सांगता सांगता त्यांचा आवाज चढायचा. शेवटी म्हणाले, "मी बी येऊ का ऐकायला? माझं नाव घेशील तवा उभा ऱ्हाईन."

मी 'या' म्हणालो. त्यांना नको म्हणायची हिंमत नव्हती, आणि नाव घ्यायची तर त्याहून नव्हती.

पहिल्या एसटीनं आले, इस्त्रीचा सदरा घालून. तिसऱ्या रांगेत बसले. पडद्यांची गोष्ट फारच रंगली. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्हाला इतकं बारीकसारीक कसं माहीत?"

"वाचन," मी म्हणालो. आजही तो शब्द आठवला की माझे कान तापतात. वडिलांनी मांडीवरची टोपी उगाच सरळ केली. मग मला शाल-श्रीफळ मिळालं, आणि हा निर्लज्ज माणूस खांद्यावरची शाल सावरत फोटोला उभा राहिला. वडील टाळ्या वाजवत होते.

चहाच्या वेळी आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना कौतुकानं विचारलं, "काय बाबा, समुद्र पाहिलाय का कधी?"

आता सांगतील, असं वाटलं. सांगावंच, असंही वाटलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"न्हाई, साहेब," ते म्हणाले. "आमी शेतीवाले माणसं. आमाला कुठला समुद्र?"