यादीत नसलेला ठोकळा

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही अकरा जण डॉक्टरेटवाले, पण एकालाही बुडबुडे न येऊ देता जिलेटिन ओतता येत नाही. मीही त्यांतलीच. म्हणून खालच्या कँटीनमधून काकूंना वर आणलं. गेली नऊ वर्षं त्या आमच्यासाठी छातीच्या आकाराचे ठोकळे बनवतात. दुधट, मऊ, आत कुठेतरी कडक गाठ दडवलेली. ती माझ्या मशीनने हुडकायची. मऊ चरबीतून ध्वनिलहरी रमतगमत जातात, कडक गाठीतून झपाझप, आणि त्या फरकावरून मशीन आतला नकाशा काढतं. गाठ लपवण्यात काकूंचा हात धरणारं कुणी नाही. मशीन फसलं की गालातल्या गालात हसतात. माझा मात्र तिळपापड होतो.

परवा त्यांनी यादीत नसलेला एक ठोकळा माझ्यापुढे ठेवला.

"हा कुणी सांगितला?"

"कुणी नाही. मशीनला लावा तर खरं."

हात लावून पाहिला. इतर ठोकळ्यांपेक्षा बराच घट्ट होता.

"माझ्या ताईची छाती अशी होती," काकू म्हणाल्या. "एक्स-रे सगळा पांढराफटक आला. त्यात पांढरी गाठ दिसणार कशी? डॉक्टर म्हणाले, काही नाही. ती रोज माझं बोट धरून तिथे टेकवायची. मी म्हणायचे, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का? उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

ताईला जाऊन चौदा वर्षं झाली. त्या गाठीचं माप कुठल्याच कागदावर नव्हतं. किती खोल, किती कडक, हे सगळं काकूंनी बोटाच्या आठवणीवरून जमवलं होतं. पाच ठोकळे मनासारखे झाले नाहीत म्हणून वितळवले, हा सहावा.

मी ठोकळा पाण्याच्या टाकीत सोडला आणि मशीन सुरू केलं. ते जिंकावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? शेजारी काकू डोळे मिटून पुटपुटत होत्या. कान दिला तेव्हा कळलं.

"नको सापडू गं. नको सापडू."

या मशीनलाही सापडली नाही, तर ती कुणालाच सापडण्यासारखी नव्हती. एवढंच त्यांना हवं होतं. पण मशीनला कुणाची दया येते? चार मिनिटांत पडद्यावर लाल ठिपका उमटला. गाठ तिथेच होती.

"काकू, तेव्हा हे मशीन नव्हतं," मी घाईघाईने म्हणाले. "कुणाला कळणार होतं?"

"मशीन नव्हतं. पण माझ्या बोटाला लागत होती ना. रोज लागत होती."

काकूंनी ठोकळा टाकीतून काढून मांडीवर घेतला. ठोकळा निथळायला ठेवलेलं पातेलं तसंच राहिलं, पाणी टपटपत राहिलं.

"फार आठवण येते हो तिची," त्या म्हणाल्या. "आत्ता तिने माझं बोट धरलं असतं, तर म्हटलं असतं, ऊठ ताई, चप्पल घाल. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."