कुवेतला एक अध्यक्ष बघायला गेले त्याची गोष्ट

"ताई, तू ये. मला एक माणूस बघायचाय," नंदा फोनवर म्हणाली.

नंदा माझी धाकटी बहीण. कुवेतच्या एका इस्पितळात नर्स आहे. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या बाईला कसला माणूस बघायचाय, असं मी विचारलं. ती हसली. "इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष व्हायचं म्हणतोय. नाव मी सुचवावं असं त्याचं म्हणणं आहे. तुला माणसं कळतात."

मला माणसं कळतात हे सांगलीत कुणाच्या कानावर आलेलं नाही. पण मुलगा होस्टेलवर, घरात मी एकटी, आणि समुद्रापलीकडे काय असतं ते चाळिशी उलटली तरी पाहिलेलं नव्हतं. विलासरावांनी, म्हणजे नंदाच्या नवऱ्यानं, व्हिसा पाठवला आणि यंदा, नव्वदच्या मार्चमध्ये, मी मुंबईहून विमानात बसले.

जाणार असाल तर मार्चमध्येच जा. हवा कोवळी असते, आणि वाळवंटात थोड्या दिवसांसाठी इवली पिवळी फुलं येतात. विमान खाली उतरताना मला आधी जमीन दिसलीच नाही, नुसता भुरकट उजेड होता. धूळ, असं शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं. मला ते एखाद्या झोपलेल्या प्राण्याच्या श्वासासारखं वाटलं. पुढे महिनाभर त्या श्वासातच वावरले.

नंदाचं घर रिग्गईला, तिसऱ्या मजल्यावर. तिथून शहरात जायला बस मिळते. भाडं फिल्समध्ये, म्हणजे सुट्ट्या नाण्यांत भागतं. दिनार मात्र साठ रुपयांच्या आसपास आहे, त्यामुळे पहिले काही दिवस मी प्रत्येक वस्तू मनात साठांनी गुणून परत ठेवत असे. नंदा रागवायची. "ताई, गुणाकार केलास तर उपाशी मरशील. खा तो शवर्मा." कोंबडी खात नसाल तर फलाफल घ्या, आपल्या वड्याचा चुलतभाऊ, गुणानं जरा कोरडा.

मंडळाची हकिकत मला मासळीबाजारात चालता चालता कळली. अध्यक्षपदाला निवडणूक अशी कधी होत नाही. मंडळ सुरू केलेली पाच घरं आहेत. त्यांतल्या एका घरानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. इतकी वर्षं डॉक्टरकाका अध्यक्ष आहेत, आणि मंडळ चालवतात त्यांच्या पत्नी, माईकाकू. नंदा-विलासचं घर त्या पाचांतलं शेवटचं.

"आणि हा तुझा माणूस?"

"पालेकर. बांधकाम कंपनीचा जनरल मॅनेजर. दोनच वर्षं झाली येऊन. आजवर मंडळाच्या खुर्च्यासुद्धा उचललेल्या नाहीत त्यानं."

"मग त्याला का निवडायचं?"

नंदानं बोट दाखवून एक मासा तोलायला लावला आणि म्हणाली, "दारासाठी."

दार म्हणजे काय ते सुलैबियात समजलं. तिथे पालेकरांच्या कंपनीचा कामगारांचा कॅम्प आहे: लांबलचक पत्र्याच्या खोल्या, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, आणि चहूकडे सपाट, स्वप्नात असते तशी कडा नसलेली जमीन. शांताराम नावाच्या लांज्याकडच्या सुताराच्या हाताला नंदानं टाके घातले होते, ते बघायला आम्ही गेलो. त्यानं आम्हाला पेटीवर बसवलं, कंडेन्स्ड मिल्कचा चहा दिला.

"गणपतीला येता ना मंडळात?" मी विचारलं.

"येतो तर. आरती भायेरनं म्हनतो," तो म्हणाला. "आत फ्यामिलीवाले. आमी पडलो ब्याचलर."

"ब्याचलर? गावाकडं पोरं किती?"

"तीन. पन ती लांज्यात ना! हितं आमी ब्याचलरच." खोलीतले सगळे हसले. शांताराम सगळ्यांत मोठ्यानं हसला, मग टाके दुखले म्हणून थांबला.

मंडळाचे कार्यक्रम फक्त कुटुंबांसाठी, हा नियम माईकाकूंचा. पहिल्या वर्षी कसलीशी हुल्लड झाली, बायका घाबरल्या, तेव्हापासूनचा. अध्यक्ष झालो तर नियम काढून टाकतो, असं पालेकर नंदाला चारचौघांत म्हणाले होते. नंदाला तेवढंच हवं होतं. पण नंदा पहिल्यांदा इथे आली ती माईकाकूंच्या घरात. तिचं बाळंतपण माईकाकूंनी केलं. त्यांच्या घरचं अध्यक्षपद काढून घेणारं नाव नंदाच्या तोंडून निघायचं होतं.

विलासरावांनी हात वर केले होते. "ताई, मी त्या घरी पंगतीला बसून मोठा झालोय. मी मध्ये नाही. हिचं नाव, हिचा निर्णय."

मग पालेकरांचं जेवण आलं. बनेद अल-गारला समुद्रासमोरच्या इमारतीत ते राहतात. गच्चीवर मांडव, दिव्यांच्या माळा, सगळी पाच घरं निमंत्रित. समुद्र दिसत नव्हता, पण खालून त्याचा ओला आवाज येत होता, आणि दूर जहाजांचे दिवे असे तरंगत होते की ते पाण्यात आहेत की आभाळात, सांगता येईना. मी कठड्याशी उभी राहून जेवणच विसरले होते.

पण जेवत तर कुणीच नव्हतं. टेबलांवर सुरमई, बिर्याणी, कबाब, आणि समोर बायका हातात संत्र्याचा रस घेऊन स्वस्थ बसलेल्या.

"घ्या ना, घ्या ना," पालेकर प्रत्येक टेबलाशी जात होते. उंच, देखणे, कानशिलांवर पांढरे केस, आवाज मऊ.

"घेऊ हं," माईकाकू म्हणाल्या. "चंद्र वर आला की. आणि हे नाही, वरण-भात असेल तर."

संकष्टी होती. उद्या सुट्टी म्हणून पालेकरांनी दिवस ठरवला, आणि पंचांग कुणाला विचारलंच नाही. त्यांचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. मग ते खळखळून हसले. "चुकलंच. दिल्लीत, दुबईत वाढलो हो. झाका रे सगळं! आधी चंद्र बघू." आणि आचाऱ्याला वरण-भात टाकायला सांगून आमच्याबरोबर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. धुळीतून तो तांबूस, मळकट चंद्र आला तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच हात जोडले. मला ते त्या क्षणी फार आवडले. नंदाला कानात म्हटलंसुद्धा, "दे नाव."

जिना उतरताना पायऱ्यांवर ओळीनं माणसं बसलेली दिसली. मांडव ह्यांनीच घातला होता, आणि तो उतरवायला थांबले होते. शांताराम त्यांत होता. दुखरा हात मांडीवर.

"जेवलात?" नंदानं विचारलं.

"क्याम्पावर आसल ना झाकून."

निरोप द्यायला आलेल्या पालेकरांनाही ते ऐकू गेलं. "त्यांची व्यवस्था तिकडे आहे," ते सहज म्हणाले. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलंच नसावं.

गाडीत मी म्हटलं, "नको देऊस नाव."

नंदा खिडकीबाहेर बघत होती. "वर चंद्र पाहून हो, खाली जिना पाहून नाही. ताई, असं किती वेळा बदलशील? मला तो चांगला आहे का हे नको आहे गं. दार उघडेल का, एवढंच."

"ज्याला स्वतःच्या जिन्यावरची माणसं दिसत नाहीत, तो उघडेल?"

"तो चारचौघांत बोललाय. बोललेलं मागे घ्यायची त्याला लाज वाटेल. ज्यांना दार बंद असल्याची लाज वाटत नाही, त्यांच्यापेक्षा बरा."

रोजे सुरू व्हायच्या आधी म्हणून मंडळाचा पाडवा ह्या वर्षी आधीच्या शुक्रवारी झाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. श्रीखंड तिथल्या लबने नावाच्या घट्ट दह्याचं करतात. चक्का बांधायचं कामच नाही, साखर मात्र थोडी जास्त घाला. जेवणाआधी डॉक्टरकाकांनी चष्मा पुसत विचारलं, "मग पुढच्या वर्षासाठी नाव?"

नंदा उठली. घरून निघायच्या आधी ती माईकाकूंकडे जाऊन आली होती. त्यांना भर सभेत पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून. तिथे काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही. नाव तिनं स्पष्ट घेतलं. पालेकर. आणि का, तेही तिनं एका वाक्यात सांगितलं: "बाहेर जे उभे आहेत, ते आत यावेत म्हणून."

"दुजोरा?"

 कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं. उरलेल्या घरांतून कुणी उठलं नाही. माईकाकू समोरच्या रांगोळीकडे बघत होत्या. मग पालेकरच उठले, हसून हात जोडले, "काही हरकत नाही, डॉक्टरच असू देत," आणि टाळ्या सुरू केल्या. फार देखणेपणानं हरले. दाराबद्दल मात्र अवाक्षर बोलले नाहीत.

नंदानं श्रीखंडाचं भांडं उचललं आणि ती बाहेर गेली. मीही गेले. शाळेच्या भिंतीच्या सावलीत आम्ही बाहेर थांबलेल्या कामगारांबरोबर जेवलो. आतून ताट घेऊन आणखी कुणी आलं नाही. मी निघेपर्यंत माईकाकूंचा फोन नंदाला एकदाही आला नाही. एरवी रोज येत असे. फोन वाजला की नंदा हातातलं टाकून धावायची, आणि दुसऱ्या कुणाचा असला की आवाज नीट ठेवून बोलायची.

सांगलीत परत येऊन आता दोन महिने झाले. लोक विचारतात, काय पाहिलंस. मी पाण्याचे निळे मनोरे सांगते, सोन्याचा बाजार सांगते. मनात मात्र एक माणूस अजून तराजूत आहे, कधी चंद्रासकट वर जातो, कधी जिन्यासकट खाली येतो. मी नंदाच्या जागी असते तर अजून तोलतच बसले असते. ती उठून उभी राहिली.

परवा तिचा फोन आला. आवाज उजळलेला. "माईकाकू येऊन गेल्या गं. चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच उभ्या. म्हणाल्या, यंदा गणपतीला हॉलच्या दाराशी तू थांबायचंस. आत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते तू बघ. माझे पाय दुखतात."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझेही दुखतात हो. आपण ते दार बिजागऱ्यांतून काढूनच ठेवू. सुतार आहेत ओळखीचे."

"मग?"

"मग काय, हसू दाबत जिना उतरल्या. खालून ओरडल्या, काढलेलं दार नीट ठेवा म्हणावं, शाळेचं आहे!"